ऑडिटवाल्यांना दार उघडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी मे महिना आला की महापालिका धोकादायक इमारतींच्या याद्या जाहीर करतात आणि मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवलीतल्या सोसायट्यांची धावपळ सुरू होते. पाऊस तोंडावर, नोटीस हातात आणि कमिटीला आठवडाभरात ‘स्ट्रक्चरल ऑडिट’चा, म्हणजे इमारतीच्या सांगाड्याच्या तपासणीचा, कागद हवा असतो. आम्ही इमारतींच्या तपासणीचे आणि दुरुस्तीचे काम करणारे काही अभियंते हे पत्र आत्ता, पाऊस ओसरत असताना लिहीत आहोत, कारण तपासणीची खरी वेळ हीच आहे. नवरात्र ते दिवाळी या दिवसांत गळतीचे डाग ताजे असतात, स्लॅब अजून ओला असतो, पाणी कुठून कुठे आले ते डोळ्यांना दिसते. मे महिन्यात तेच छत कोरडे ठणठणीत असते आणि बहुतेक घरांत त्यावर रंगाचा हात फिरलेला असतो. शिवाय नोव्हेंबरात अहवाल हाती आला तर सर्वसाधारण सभा, निविदा आणि काम हे सगळे जानेवारी ते मे या कोरड्या महिन्यांत बसते. मे महिन्यात ऑडिट केले तर दुरुस्तीआधी एक अख्खा पावसाळा इमारतीच्या अंगावरून जातो.

कायदा थोडक्यात सांगतो. मुंबई महानगरपालिका अधिनियमाचे कलम ३५३ ब आणि इतर महापालिकांना लागू असलेल्या अधिनियमाचे कलम २६५ अ यांनुसार ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून तपासणी करून घेणे बंधनकारक आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींची अपेक्षा याहून जास्त आहे: इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर ५ वर्षांनी, ३० च्या पुढे गेली की दर ३ वर्षांनी. अनेक सोसायट्यांना फक्त ३० हा आकडा माहीत असतो. पण समुद्राजवळच्या इमारतीत किंवा बांधकामाला खाऱ्या बोअरचे पाणी वापरलेल्या इमारतीत सळया विसाव्या वर्षीच सोललेल्या दिसतात. महाडची २४ ऑगस्ट २०२० रोजी कोसळलेली इमारत तर जेमतेम दशकभराची होती. त्यात १६ जण गेले. वय कमी म्हणून कोणी निर्धास्त राहू नये.

आता मुख्य तक्रारीचा मुद्दा. ऑडिट होते, पण घरे उघडली जात नाहीत. २८ फ्लॅटच्या इमारतीत १२ घरांना कुलूप, ४ घरांत ‘आत्ता नको, पाहुणे आहेत’, दोन घरांत सगळीकडे फॉल्स सीलिंग. उरलेल्या दहा घरांवरून आणि जिन्यावरून अहवाल लिहिला जातो. ज्या घराला कुलूप आहे त्याच्या बाथरूमचा स्लॅब खालच्या माणसाच्या डोक्यावर असतो, हे सभासदांनी लक्षात घ्यावे.

बाथरूमचेच उदाहरण जवळून पाहू, कारण आपल्याकडच्या चाळीस-पन्नास वर्षांच्या इमारती सर्वात आधी तिथेच खचतात. बाथरूम-संडासाचा स्लॅब खोलीच्या स्लॅबपेक्षा नऊ इंच ते फूटभर खाली टाकलेला असतो. त्याला संक म्हणतात. त्या खड्ड्यात पाइप टाकून वर विटांचे तुकडे, रॅबिट (तोडफोडीचा राडारोडा) भरतात आणि त्यावर लादी बसवतात. वीस वर्षांत लादीच्या सांध्यांतले सिमेंट जाते, नहाणी ट्रॅपचा (जमिनीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याचा) सांधा सुटतो आणि पाणी भरावात उतरते. वरून काहीच दिसत नाही, कारण भराव स्पंजासारखे पाणी धरून ठेवतो. स्लॅब खालून हवेत आणि वरून बारा महिने ओल्यात.

काँक्रीट नवीन असताना त्याचा पीएच, म्हणजे अल्कलीचे माप, साडेबारा-तेराच्या आसपास असतो. त्या अल्कलीमुळे सळईवर एक अतिसूक्ष्म संरक्षक थर टिकतो आणि गंज धरत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत शिरत जातो, अल्कली मरते, तो थर तुटतो. स्लॅबच्या सळईखाली काँक्रीटचे कव्हर, म्हणजे सळई झाकणारा थर, जेमतेम १५ मिलिमीटर, तेही कामगाराने कव्हर ब्लॉक (सळई उचलून धरणारे छोटे ठोकळे) लावले असतील तर. एकदा का हवा आणि ओल सळईपर्यंत पोहोचली की गंज सुरू होतो. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा लागते. ती जागा मिळवण्यासाठी तो काँक्रीटला आतून ढकलतो. आधी सळईच्या रेषेत केसासारखी चीर दिसते, मग तांबूस डाग, मग फुगवटा आणि शेवटी पोपडा खाली पडतो. पोपडा पडतो तेव्हा आजार अनेक वर्षांचा जुना झालेला असतो.

म्हणून आमचे पहिले हत्यार साधी हातोडी. छतावर हलकेच ठोकत गेले की चांगले काँक्रीट टणटण वाजते आणि सुटलेले भद्द आवाज देते. वरून गुळगुळीत, रंगवलेल्या छतातही हा फरक कानाला लगेच कळतो. पण त्यासाठी छत उघडे हवे. फॉल्स सीलिंगच्या वर हातोडी पोहोचत नाही. बाथरूमच्या छताला लावलेले पीव्हीसीचे पट्टे, माळ्यावर कोंबलेले सामान, कॉलमला टेकून बसवलेले वॉर्डरोब या सगळ्यांच्या मागे बघितल्याशिवाय केलेल्या पाहणीला आम्ही पाहणी म्हणत नाही. दोन फूट बाय दोन फुटांचा एक तुकडा कापून द्या, तेवढेही पुरते. तो परत बसवायला कारागिराला तासभर लागतो.

दुसरी जागा बाल्कनी आणि छज्जा. इथे बहुतेकांची नजर चुकते. खोलीच्या स्लॅबची मुख्य सळई खालच्या बाजूला असते, पण बाहेर झुलणाऱ्या छज्जाची मुख्य सळई वरच्या बाजूला असते, कारण ओढ वरून पडते. स्लॅब भरताना कामगारांच्या पायाखाली ती सळई दबून मध्यावर येते, आणि छज्जा तिथेच अर्धा दुबळा होतो. पुढे त्यावर पाणी साचते, कुंड्या येतात, बाल्कनी बंद करून खोलीत घेतली जाते, वर कपाट ठेवले जाते. लोक खालून बघतात, खालून काही दिसत नाही. छज्जा जिथे भिंतीला मिळतो तिथे वरच्या अंगाला आडवी चीर असेल तर त्याच दिवशी वजन उतरवावे आणि टेकू लावावा. सभेची वाट बघू नये.

चिरांबद्दल लोक विनाकारण घाबरतात आणि जिथे घाबरायला हवे तिथे घाबरत नाहीत, म्हणून थोडे सांगतो. बीमच्या खाली, वीटभिंत जिथे बीमला मिळते तिथली सरळ आडवी चीर बहुतेक वेळा दोन वेगळ्या मालांच्या सांध्याची असते. ती दिसायला वाईट, पण जीवघेणी नाही. कॉलमच्या कोपऱ्यातून उभी जाणारी चीर गंजाची. बीमच्या टोकाला, कॉलमजवळ तिरकी चढणारी चीर असेल तर इंजिनीअरला त्याच दिवशी बोलवा. आणि चीर वाढते आहे की जुनीच आहे हे कळायला काचेची पातळ पट्टी तिच्यावर आडवी चिकटवून बाजूला तारीख लिहावी. पट्टी तुटली तर चीर जिवंत आहे.

वजनाचा विषय मात्र सविस्तर लिहिला पाहिजे, कारण तो प्रत्येक घराच्या हातात आहे. राहत्या घराचा स्लॅब माणसे, फर्निचर वगैरेंसाठी चौरस मीटरला २०० किलो धरून डिझाइन केलेला असतो. तुम्ही जुनी लादी न काढता तिच्यावर दोन इंच मसाला टाकून नवीन लादी बसवली की चौरस मीटरला शंभर किलोंहून जास्त कायमचे वजन वाढते. म्हणजे माणसांसाठी राखून ठेवलेल्या क्षमतेतली निम्मी लादीनेच खाल्ली. गच्चीवर तेच. गळती थांबेना म्हणून जुन्या कोब्यावर नवा चार इंची ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर) टाकतात. त्याचे वजन चौरस मीटरला सुमारे २०० किलो. २०० चौरस मीटरची गच्ची असेल तर ४० टन. काही गच्च्यांवर असे तीन थर सापडतात. दहा हजार लिटरची जादा टाकी म्हणजे आणखी १० टन, तेही चार पायांवर. चाळीस वर्षांपूर्वीच्या इमारतीत काँक्रीट बहुधा एम-१५ दर्जाचे (एमच्या पुढचा आकडा जितका मोठा तितकी ताकद जास्त), कारण तेव्हाच्या मानकाला ते चालत होते. सन २००० च्या सुधारणेनंतर किमान एम-२० झाले. त्या काळच्या पिळाच्या टॉर सळयांना गंजही लवकर धरतो. अशा सांगाड्यावर आपण काय काय चढवतो आहोत?

२० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेत चौथ्या मजल्यावर लादीचे काम चालू असताना स्लॅब कोसळला आणि खालच्या मजल्यांचे स्लॅब घेऊन तळापर्यंत आला. ६ जण गेले. घाटकोपरच्या दामोदर पार्कमधली इमारत २५ जुलै २०१७ रोजी पडली, १७ जण गेले. तिच्याही तळमजल्यावर आतले बदल सुरू होते. अंतर्गत काम हे ‘माझ्या घरातले काम’ नसते. ब्रेकरने लादी फोडताना बसणारे हादरे, एसीच्या पाइपसाठी बीममध्ये पाडलेले भोक, वायरिंगसाठी कॉलममध्ये मारलेली झिरी, रॅबिटची पोती एकाच खोलीत रचून ठेवणे, यातले काहीही सुरू करण्याआधी सोसायटीच्या इंजिनीअरने एकदा येऊन बघावे. तासाभराचे काम आहे. रॅबिट रोजच्या रोज खाली उतरवावे, हे तर कोणीही सांभाळू शकतो.

आता चाचण्यांबद्दल, कारण इथे सोसायट्यांची सर्रास फसगत होते. रिबाउंड हॅमर, म्हणजे काँक्रीटवर आपटून उसळीवरून ताकद जोखणारे यंत्र, काँक्रीटच्या वरच्या इंचभर भागाचाच अंदाज देतो. कार्बनने कडक झालेल्या जुन्या पृष्ठभागावर तो आकडा खरा असतो त्याहून चांगला दाखवतो. ध्वनिलहरींच्या चाचणीत लहर सेकंदाला साडेतीन किलोमीटरहून वेगाने गेली तर काँक्रीट चांगले, तीनच्या खाली आली तर शंका. पण ही दोन्ही मोजमापे प्लास्टर काढून, काँक्रीट दगडाने घासून घेतल्यावरच अर्थपूर्ण. प्लास्टरवरून घेतलेले आकडे म्हणजे प्लास्टरची तपासणी. अहवालातले फोटो बघा, यंत्राच्या खाली रंग दिसत असेल तर तो तक्ता कितीही पानांचा असो, स्वीकारू नका.

आम्हाला सर्वात भरवशाची वाटते ती कार्बोनेशनची चाचणी, म्हणजे कार्बन डायऑक्साइडने अल्कली किती खोलवर मारली ते बघणे. ती स्वस्त आहे आणि सभासदांना डोळ्यांनी बघता येते. कॉलमचा ताजा तुकडा तोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलिन हे रसायन फवारतात. जिथे अल्कली शिल्लक आहे तिथे काँक्रीट गडद गुलाबी होते, जिथे संपली तिथे रंगच येत नाही. बिनरंगी भागाची खोली फूटपट्टीने मोजायची. कव्हर २५ मिलिमीटर आणि बिनरंगी भाग ३० असेल तर सळई उघड्यावर पडल्यासारखीच आहे, भले वरून कॉलम अखंड दिसो. त्याच्या जोडीला हाफ-सेल चाचणी, जी गंजाची विद्युत हालचाल मोजते. उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे आकडा गेला तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांवर. ताकदीबद्दल वाद असेल तर कोअर (काँक्रीटमधून कापून काढलेले गोल नमुने) काढावेत, तीनपेक्षा कमी नकोत, आणि ते सळई चुकवून, आधी कव्हर मीटर (आतली सळई शोधणारे यंत्र) फिरवून काढावेत. कोअर घेतलेले भोक त्याच दिवशी न आकसणाऱ्या मसाल्याने बुजवले की नाही तेही बघा.

दुरुस्तीच्या कंत्राटदाराने देऊ केलेले ‘फुकट ऑडिट’ घेऊ नये. तपासणारा आणि दुरुस्त करणारा एकच असेल तर किती काम निघते हे वेगळे सांगायला नको. तसेच पुनर्विकासाची बोलणी चालू असताना अहवालावर दोन्ही बाजूंचा दबाव येतो. अहवालात इमारतीची श्रेणी ठरते. अतिधोकादायक ठरली तर इमारत रिकामी करून पाडायची, म्हणजे सी-१. रिकामी करून दुरुस्ती, सी-२ अ. लोक राहत असताना दुरुस्ती, सी-२ ब. किरकोळ दुरुस्ती, सी-३. या एका अक्षरावर कुटुंबांचे डोक्यावरचे छप्पर ठरते. दोन अहवाल एकमेकांविरुद्ध आले तर मुंबईत महापालिकेची तांत्रिक सल्लागार समिती आहे, तिच्याकडे जाता येते. अहवालात प्रत्येक खराब कॉलम-बीमचा क्रमांक, मजला, फोटो आणि चाचणीचा आकडा असला पाहिजे. ‘इमारतीची सर्वसाधारण स्थिती समाधानकारक’ असे एक वाक्य लिहून सही केलेले पान म्हणजे ऑडिट नव्हे. आणि कोणकोणती घरे उघडली नाहीत, त्यांची यादी अहवालात स्वतंत्र पानावर असावी असा आमचा आग्रह आहे. ती यादी नोटीस बोर्डावर लावा.

दुरुस्ती का फसते? बहुतेक वेळा क्रम उलटा असतो म्हणून. पैसे हातात असतात तेव्हा आधी बाहेरून रंग होतो, मग छताला मसाला, आणि वरच्या बाथरूमची गळती ‘त्या सभासदाचे बघू’ म्हणून राहते. दोन पावसाळ्यांत नवा मसाला सळईसकट खाली येतो. पाणी आधी थांबले पाहिजे. संक खोदून, पाइप बदलून, वॉटरप्रूफिंग केल्यावर त्यात किमान ४८ तास पाणी भरून ठेवावे आणि खालच्या घरातून बघावे. मगच भराव आणि लादी. स्लॅबच्या दुरुस्तीत सळईच्या फक्त समोरचे काँक्रीट काढून चालत नाही, तिच्या मागून बोट फिरेल एवढी जागा मोकळी करावी लागते, नाहीतर मागचा गंज तसाच वाढत राहतो. सळई ब्रशने घासून पांढरी केली की तिची जाडी मोजावी. १० मिलिमीटरची सळई ८ वर आली असेल तर ऐकायला दोनच मिलिमीटर वाटतात, पण तिचे छेदक्षेत्र ३६ टक्के कमी झालेले असते. तिथे जोडीला नवीन सळई हवीच. पॉलिमर मसाला (रसायन मिसळलेला सिमेंटचा मसाला) एकाच वेळी जाड थापला की स्वतःच्या वजनाने सुटतो. तो पातळ थरांत चढवावा. आणि कॉलम फोडण्याआधी टेकू लावावेत, एकाच मजल्यावर नव्हे तर खाली जमिनीपर्यंत सलग, म्हणजे भार मधल्याच एखाद्या स्लॅबवर उतरणार नाही.

पैशांचे म्हणाल तर उपविधींत सोय आहे. दुरुस्ती निधी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची साठवण) पाव टक्का, दरवर्षी. जिथे तो वीस वर्षे नियमित जमा झाला तिथे कोणाला एकदम लाखांची वर्गणी द्यावी लागत नाही. मेंटेनन्स कमी ठेवल्याबद्दल कमिटीचे कौतुक करणाऱ्या सोसायट्यांनी आपला दुरुस्ती निधी एकदा तपासावा.

नव्या इमारतीत राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट तातडीची आहे. रेरा या घरखरेदीदारांसाठीच्या स्थावर मालमत्ता कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला दोष लेखी कळवला तर बिल्डरने ३० दिवसांत विनाखर्च दुरुस्त करून द्यायचा आहे. म्हणून चौथे वर्ष संपण्याआधी सोसायटीने आपल्या खर्चाने एक तपासणी करून घ्यावी: गच्ची, पाण्याच्या टाक्या, पार्किंगचे कॉलम, बाहेरच्या भिंतींच्या चिरा. सहाव्या वर्षी तोच दोष सापडला तर खर्च तुमचा. जुना फ्लॅट विकत घेणाऱ्यांनी मागचा ऑडिट अहवाल आणि दुरुस्ती निधीची शिल्लक मागावी आणि शक्य झाल्यास खालच्या घरात जाऊन त्या फ्लॅटच्या बाथरूमची खालची बाजू बघावी. दहा मिनिटांत जे कळते ते गुळगुळीत टाइल्सवरून कळत नाही.

आता तपासणीच्या दिवसाची तयारी. सेक्रेटरींनी पंधरा दिवस आधी घरोघर चिठ्ठी द्यावी आणि बाहेरगावी असणाऱ्यांच्या किल्ल्या मागवून ठेवाव्यात. मूळ मंजूर नकाशे आणि स्ट्रक्चरल ड्रॉइंग असतील तर काढून ठेवावीत. ती नसतील तर महापालिकेकडे माहितीच्या अधिकारात अर्ज आधीच करावा. घरच्यांनी बाथरूमवरचा माळा रिकामा करावा, कॉलमला लागलेले कपाट हातभर पुढे ओढावे, गळती कधी सुरू झाली आणि पावसात वाढते की बारा महिने असते ते सांगावे. बारा महिने असेल तर ती पाइपाची किंवा संकची, पावसातच असेल तर बाहेरच्या भिंतीची किंवा गच्चीची, एवढ्या एका माहितीने अर्धे काम सोपे होते. डक्टमध्ये, पाइपांच्या मागे पिंपळ उगवला असेल तर दाखवावा. घरात भिंत काढली असेल, बाल्कनी आत घेतली असेल, संडास हलवला असेल तर तेही मोकळेपणाने सांगावे. आम्हाला ते फक्त ड्रॉइंगवर खूण करून हिशेबात धरायचे असते, आणि लपवले तर खालच्या बीमवर किती भार आहे याचा हिशेबच चुकतो.

आपले,
इमारत तपासणीच्या क्षेत्रातले काही स्ट्रक्चरल इंजिनीअर,
डोंबिवली